छातीची सावड

पुकाकासाच्या खाणीवरच्या दवाखान्यात दर वर्षी नवा डॉक्टर यायचा आणि पहिल्याच आठवड्यात त्याची घाबरगुंडी उडायची. खालून, समुद्रकाठच्या शहरातून नुकता शिकून आलेला, त्याला आणून टाकलेलं साडेपंधरा हजार फुटांवर. स्वतःलाच धाप लागलेली, डोकं ठणकत असलेलं, आणि त्यात समोर ईसीजीचा कागद. त्या कागदावर प्रत्येक ठोक्याच्या शेवटी जी छोटी टेकडी वर असायला हवी, ती उलटी होऊन खळगा बनलेली. "हृदयाची उजवी बाजू फुगली आहे, ह्याला आत्ताच्या आत्ता खाली न्या," असं डॉक्टर ओरडायचा. मग बासिलिया तुर्पो शांतपणे दुसऱ्या माणसाचा कागद पुढे करायची, मग तिसऱ्याचा, मग चौथ्याचा. सगळीकडे कमीअधिक तोच खळगा.

"आता काय करता डॉक्टर? सगळी वस्तीच खाली नेता?" ती विचारायची. डॉक्टर ओशाळायचा आणि त्या दिवसापासून तिचा शिष्य व्हायचा.

बासिलिया काही नर्स नव्हती. बावीस वर्षांपूर्वी ती दवाखान्यात फरशी पुसायला लागली. विल्यार नावाचे एक म्हातारे डॉक्टर तेव्हा होते. त्यांचे हात कापायचे म्हणून छातीवर वायरी लावायचं काम त्यांनी हिला शिकवलं. शिकवता शिकवता एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसवली. "इथे एकट्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही. विरळ हवा सगळ्यांचेच कागद वाकडे करते. मागच्या वर्षीचा त्याच माणसाचा कागद शेजारी ठेवायचा. दोन्ही वाकडे असले तर उंची. एक वाकडा आणि एक सरळ असला, तर त्याला उचलायचं, गाडीत घालायचं आणि खाली अरेकिपाच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं." विल्यार गेले, पण हे वाक्य राहिलं. तिने ते वीस-एक डॉक्टरांना शिकवलं आणि त्या वाक्यावर तीन-चार माणसं जगलीही. तिला ह्या गोष्टीचा अभिमान होता, आणि का नसावा?

आता ह्या अभिमानाला वाळवी कशी लागली ते सांगायला हवं.

खाणकामगारांची वार्षिक तपासणी कंपनीने जूनमध्ये ठेवली होती. राजधानी लिमाच्या गरम ऑफिसात बसून कॅलेंडरवर बोट ठेवणाऱ्याला जून म्हणजे नुसता एक महिना. पठारावरच्या माणसाला जून म्हणजे ऐन थंडी, जून म्हणजे चुन्यो. त्या महिन्यात दहा-बारा दिवस असे येतात की बटाटा रात्री दगडासारखा गोठतो आणि दिवसा उन्हाने सुटतो. तेवढ्यातच तो पसरायचा, पायांनी तुडवून त्याचं पाणी काढायचं आणि वाळवायचा. हा सुकवलेला चुन्यो वर्षभर पुरतो. ते दिवस हुकले तर वर्षभर हात चोळत बसायचं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या पायांत आता तेवढा जोर नाही, म्हणून खाणीवरच्या पोरांना गावी जावंच लागतं. एका वर्षी तेरा जण असे गेले. परत आले तेव्हा तपासणी झालेली होती आणि कामाच्या यादीतून त्यांची नावं गेलेली होती. खाणीच्या फाटकावर तेरा बायका बसून रडल्या. कंपनीने फाटक उघडलं नाही.

दुसऱ्या वर्षापासून वस्तीने आपला तोडगा काढला. शेतात सावड असतेच, आज मी तुझ्या बटाट्यांत राबतो, उद्या तू माझ्या. तीच सावड दवाखान्याच्या खाटेवर आली. जो मागे राहील त्याने गावी गेलेल्याच्या नावाने खाटेवर पडायचं. नावं तपासणारा कारकून वस्तीतलाच. डॉक्टर पलीकडच्या खोलीत, त्याच्यापुढे दिवसाला साठ कागद, चेहरा बघायला वेळ कुणाला? राहिली बासिलिया. तिने त्या तेरा बायका पाहिल्या होत्या. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं हाच होकार ठरला.

ह्या कामात सगळ्यात उपयोगी छाती तिच्या धाकट्या भावाची, सेनोबियोची. त्याला बायको नाही, शेत नाही, तो जूनमध्ये कुठेच जायचा नाही. एका दिवसात तो चार-चार नावांनी पडायचा.

"ताई, ही छाती आता माझी राहिली नाही गं, पंचायतीची झाली," तो म्हणायचा.

"गप पड. हललास तर चार जणांना एकदम झटका येईल."

"एर्मोहेनेसच्या नावाचा काढताना सांग हं. जरा छाती फुगवतो. तो माझ्यापेक्षा देखणा आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तोच!"

दोघं हसायची. एकाच छातीचे चार कागद हुबेहूब दिसू नयेत म्हणून ती दर वेळी वायरी बोटभर वर किंवा खाली लावायची आणि ते कागद गठ्ठ्यात लांब लांब ठेवायची. सेनोबियोच्या कागदावरचे खळगे वस्तीत सगळ्यात खोल होते. शिवाय ठोक्याची रेघ वर चढताना तिच्यात एक बारीक खाच होती, आणि ती मात्र वायरी कशाही लावल्या तरी जायची नाही.

बासिलियाचा नवरा मेलितोन कोरी बोगद्यात लाकडी टेके लावायचा. शांत माणूस. तो ह्या सावडीत कधीच नव्हता, दर जूनला स्वतः येऊन खाटेवर पडायचा आणि म्हणायचा, "बघ बाई, आत कुणी दुसरी दिसते का." त्याचा कागद इथल्या मानाने सरळ. छातीवरच्या वायरींच्या पहिल्या दोन जागी हलकासा खळगा, पुढे सगळ्या टेकड्या वर. नवऱ्याचा तो कागद तिला पाठ होता. पण गेल्या जूनला त्याची म्हातारी आई घसरून पडली, तिचा पाय मोडला, आणि बटाटे तुडवायला घरात कुणी राहिलं नाही. मेलितोन पहिल्यांदाच गावी गेला. त्याच्या नावाने सेनोबियो पडला. दवाखान्यात फक्त एका वर्षाचे कागद ठेवत; त्याच्या आधीची खोकी कंपनी खाली घेऊन जायची आणि तिथे त्यांचं काय व्हायचं ते देव जाणे.

फेब्रुवारीतला कार्निव्हलचा सण संपला आणि नळावरच्या बायका मेलितोनची थट्टा करायला लागल्या. "बासिलिया, तुझ्या नवऱ्याला चढावर दर वीस पावलांवर बुटाची नाडी बांधावी लागते. जरा गाठ मारायला शिकव." ती हसली आणि घरी आल्यावर दारातले बूट पाहिले. खाणीतले रबरी बूट. त्यांना नाड्या नसतात.

"कशाच्या नाड्या बांधतोस रे तू चढावर?" तिने विचारलं.

"कोण म्हणालं?"

"सगळी वस्ती म्हणते. खरं सांग, दुखतं का छातीत?"

"दुखत नाही. दाबतं. कुणी गुडघा रोवल्यासारखं. थांबलो की जातं."

"कधीपासून?"

"कार्निव्हलच्या आधीपासून. सोरोचे असेल गं, उंचीचा त्रास; विरळ हवा कुणाला सोडते?"

"सोरोचे लिमाच्या इंजिनियरला होतं. तू इथे जन्मलास. उद्या सकाळी कामाआधी दवाखान्यात यायचं, नाहीतर मी बोगद्याच्या तोंडाशी येऊन तुला कानाला धरून नेईन."

त्या वर्षीची डॉक्टर मारिएला ओतेरो नावाची मुलगी होती. येऊन चार महिने झाले होते. हुशार आणि मायाळू. कामगारांची नावं पाठ करणारी ती पहिलीच. मेलितोन सकाळी आला तेव्हा त्याला काहीच होत नव्हतं, तो खाटेवर पडून छताकडे बघत होता. बासिलियाने वायरी लावल्या. कागद सरसर बाहेर आला. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या जागी खोल, धारदार खळगे. मेलितोनच्या छातीवर असे खळगे कधीही नव्हते.

डॉक्टर मारिएला कागद हातात घेऊन खिडकीपाशी गेली. "बासिलियाबाई, हे मला बरं दिसत नाही. पण तुम्हीच शिकवलंत मला. मागच्या वर्षीचा कागद आणा."

कपाट चार पावलांवर होतं. बासिलियाने मेलितोनची फाइल काढली आणि कपाटाच्या दाराआड उभी राहिली. फाइलमध्ये तिच्या भावाची छाती होती. 'हा कागद ह्याचा नाही' एवढे चार शब्द सांगायचे होते. पण त्या चार शब्दांमागून सेनोबियो जाणार होता, कारकून जाणार होता, ती स्वतः जाणार होती, आणि तीस-एकतीस घरांतले पुरुष जाणार होते. फाटकावरच्या तेरा बायका तिला आठवल्या. ती फाइल घेऊन बाहेर आली.

डॉक्टरने दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. "सारखेच आहेत की! हे खळगे तेव्हाही होते. म्हणजे उंचीच." मग ती पुन्हा वाकली. "पण इथे मागच्या वर्षी ही बारीक खाच दिसते आहे. आज ती नाही. अशी खाच जात नाही सहसा."

मेलितोन शर्टाची बटणं लावत होता. त्याने बायकोकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. बटाटे त्यानेच तुडवले होते. त्याने अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून.

"गेल्या वर्षी वायर सैल होती, डॉक्टर," बासिलिया म्हणाली.

"माझाच आहे तो कागद," मेलितोन म्हणाला. "एकच तर छाती आहे मला."

डॉक्टर हसली. तिने रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, तीन दिवस हलकं काम लिहून दिलं, दुखलं तर लगेच यायला सांगितलं. इतकी वर्षं बासिलियाने जे शिकवलं ते त्या मुलीने अक्षरशः पाळलं होतं. तिचं काहीही चुकलं नाही.

संध्याकाळी घरी चुन्योचा रस्सा होता, गेल्या जूनचाच. मेलितोनने दोन वाडगे खाल्ले.

"बरं केलंस," तो म्हणाला. "माझ्या एका ढेकरेपायी सगळ्यांची चूल विझली असती."

"ही ढेकर नाही, मेलितोन. मी पाहिलंय तुझा कागद."

"मग ईस्टरच्या सुट्टीत जाऊ अरेकिपाला. आपलं आपण. तिथल्या डॉक्टरला सांगू, मागचा कागद हरवला."

"उद्याच जा."

"उद्या गेलो तर इथली डॉक्टर विचारेल का गेला. सुट्टी बारा दिवसांवर आहे. एवढे आठवडे गेले, बारा दिवस नाही जायचे?"

ती गप्प बसली. दुसऱ्यांदा. माणसाला पहिल्या वेळेला भीती गप्प बसवते; दुसऱ्या वेळेला सवय लागलेली असते.

नवव्या दिवशी दुपारी चार वाजता कामावरून येताना मेलितोन नळाच्या वरच्या चढावर वाकला. "झालं, सुटली ह्याची नाडी," कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. एकीचा डबा भरला, दुसरीने लावला. दुसरीचाही भरला. तो अजून वाकलेलाच होता, गुडघ्यावर, कपाळ दगडाला टेकून. मग एकजण वर गेली आणि तिने किंकाळी फोडली.

वस्तीने त्याला चांगलं पोचवलं. सगळे आले, फाटकावरचे शिपाईसुद्धा. सावडीतले तीस जण थडग्याशी एका रांगेत उभे राहिले आणि प्रत्येकाने बासिलियाचा हात दोन्ही हातांत घेतला. आणि तो जरा जास्तच दाबला. तिला त्या तीस हातांची शिसारी आली. मग स्वतःच्या हाताची आली.

डॉक्टर मारिएला मात्र खचली. ती दोन्ही कागद पुन्हा पुन्हा शेजारी ठेवायची, भिंग घेऊन बघायची. "मी काय चुकले, बासिलियाबाई? सारखेच होते ना हो?" महिनाभराने तिने आपल्यापुरतं उत्तर काढलं. दोन्ही कागद पुठ्ठ्यावर चिकटवून तिने बासिलियाच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावले आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'वर्षभरात बदल नाही. तरीही मृत्यू. इतक्या उंचीवर जुन्या कागदाशी तुलना करून भरवसा ठेवू नये.' आणि तिने जुने कागद मागणं बंद केलं. विल्यारांनी दिलेलं, माणसं वाचवणारं ते एकच वाक्य ह्या पुठ्ठ्याने पुसून टाकलं. बासिलिया रोज त्याच्यासमोर उभी राहून वायरी लावायची. नवऱ्याचं नाव दोन ठिकाणी लिहिलेलं होतं. त्यातल्या एकाच कागदावर तो होता.

जून आला. डॉक्टर एका सकाळी आनंदात म्हणाली, "बासिलियाबाई, तपासणी संपली की मी खाली हुलियाकाला सभेला जाणार आहे. आजूबाजूच्या सगळ्या खाणींचे डॉक्टर येणार आहेत. मेलितोनचे कागद मी त्यांना दाखवणार. त्याचं मरण फुकट जायला नको."

बासिलियाने मान हलवली आणि खोलीत आली. खाटेवर सेनोबियो शर्ट काढून पडला होता. तिने त्याच्या नावाचा कागद काढला. तो उठला नाही.

"आता एर्मोहेनेसचं," तो म्हणाला. यंदा तो हसला नाही. "चल ताई, वायरी वर-खाली कर. बाहेर रांग आहे."

तिने वायरी सोडून दिल्या. ती पुठ्ठ्याकडे बघत होती. सेनोबियोने तिची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि तो कोपरावर उठला.

"तिकडे नको बघूस. झालं ते झालं."

"ती हे खाली घेऊन चालली आहे. सगळ्या खाणींवर शिकवणार आहे."

"शिकवू दे! डॉक्टर काय, आज एक शिकतात, उद्या दुसरं. तीस माणसं गावी बटाटे तुडवत आहेत, ताई. तुझ्या भरवशावर."

"मेलितोनही तुडवतच होता."

तिने पुठ्ठा भिंतीवरून ओढून काढला.

"ताई! खुळी झालीस का?" सेनोबियो उघड्या अंगाने, छातीला वायरी लोंबत असताना ओरडला. "मेलितोन परत येणार आहे का?"

पुढे जे झालं ते आता वस्तीत तुम्हाला कुणीही सांगेल, आणि तिचं नाव न घेता सांगेल. कंपनीने अंगठे उमटवून सगळ्यांची फेरतपासणी केली. तीसपैकी अठरा जण यादीतून गेले, कारकून गेला, सेनोबियो गेला, बासिलिया गेली. फाटकावर बायका पुन्हा बसल्या. मेलितोन मेला तेव्हा सगळ्या वस्तीने तिचे हात हातात घेतले होते. आता नळावर तिचा डबा पुढे सरकवायला कुणी तयार नसतं. भाऊ तिला समोरून येताना दिसला की रस्ता बदलतो. तपासणी कंपनीने जूनमध्येच ठेवली आहे.

पण त्या सकाळी हे सगळं अजून व्हायचं होतं. बासिलियाने पलीकडच्या खोलीत जाऊन पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि त्यावर मेलितोनच्या मागच्या वर्षीच्या कागदाला लागून, आत्ता काढलेला, अजून गरम असलेला कागद ठेवला.

डॉक्टर मारिएलाने दोन्हींवरून नजर फिरवली. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा पाहिलं. तिचं बोट जुन्या कागदावरच्या खाचेवरून नव्या कागदावरच्या खाचेवर गेलं.

"हे दोन्ही एकाच माणसाचे आहेत," ती म्हणाली.

"हो. माझ्या भावाचे."

"मग मेलितोनचा मागच्या वर्षीचा?"

"नाही. तो गावी गेला होता. त्याचा एकच कागद आहे, मार्चमधला. त्याचे खळगे नवे होते, डॉक्टर. मला माहीत होतं."

बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं. डॉक्टरचं बोट त्या खाचेवर तसंच होतं.

"मी विचारलं होतं," शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा झाला होता. "बासिलियाबाई, ह्या खाचेचं मी तुम्हाला विचारलं होतं."

"वायर घट्ट होती, डॉक्टर," बासिलिया म्हणाली.